तार कुठल्या बाजूने

कुंपणवाला येणार होता, तरी ताईने मशीन थांबवलं नव्हतं. शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा कोपऱ्यात तसाच पडला होता, आणि कुंपणवाल्यांचं काही खरं नसतं. सकाळी येतो म्हणतात आणि संध्याकाळी उगवतात. हा मात्र म्हटल्या वेळेला आला. पुढे तो, मागे खांद्यावर पहार टाकलेला त्याचा मेहुणा.

"चहा टाकते," ताई म्हणाली.

"आधी दुखणं बघू, मग चहा," कुंपणवाला म्हणाला, आणि दोघं घराला वळसा घालून मागे गेले.

मागचं अंगण लांबट होतं. एका कडेला कपडे वाळत घालायची दोरी, दुसऱ्या कडेला पाण्याची टाकी, आणि टोकाला कुंपण. लाकडी खांब आणि त्यांवर ताणलेली तार. कुंपणापलीकडे थोडी उजाड जमीन होती आणि मग एकदम खोल गेलेली जुनी दगडाची खाण. खाणकाम कधीच बंद पडलं होतं. आत पाणी साचून हिरवं झालं होतं, आणि वारा त्या बाजूने आला की ओल्या फडक्यासारखा वास घरापर्यंत यायचा.

हे कुंपण बाबांनी घातलं होतं, स्वतःच्या हातांनी. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्या हाताला चिमटा आणि भिंग यांची सवय, पहारीची नाही. पण आई गेली त्या वर्षी त्यांनी खड्डे खणले, खांब रोवले, तारा ओढल्या. आई संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढायला म्हणून मागे गेली होती. वारा सुटला होता. कपडे उडाले असतील, ती ते गोळा करत खाणीपर्यंत गेली असेल, असं लोक म्हणाले. आई सापडली. कपडे सापडले नाहीत. त्यांत ताईचा निळा फ्रॉक होता, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा, आईनेच शिवलेला. आईची एक रीत होती: मुलीच्या फ्रॉकला खाली चांगली जाड दुमड ठेवायची, आणि मुलगी वाढली की दुमड उसवून फ्रॉक लांब करायचा. ताई तेव्हा इतकी लहान होती, की तिला आईचा चेहरा नीट आठवत नसे, पण त्या दुमडीचा गुडघ्यावर लागणारा जडपणा आठवत असे.

तेव्हापासून रोज, दुकान बंद करून आले की बाबा हातात पकड घेऊन कुंपणाच्या कडेकडेने एक फेरी मारत. एकेक खिळा हलवून बघत. सैल असेल तो ठोकत. दादा मोठा झाल्यावर मदतीला गेला, तर त्याला हाकलून दिलं. पाहुण्यांच्या पंगतीतून उठले, ताप अंगात असताना उठले, पण दिवेलागणीची फेरी चुकवली नाही. आता बाबांना आपला मुलगा कुठला आणि शेजारी कुठला हे कळत नसे, सदऱ्याची बटणं लावता येत नसत. फेरी मात्र चालू होती. पकड कुठे ठेवली ते विसरल्यामुळे नुसत्या बोटांनी.

कुंपण मात्र बोटांनी टिकत नाही. या वर्षात दोनदा खालची तार निसटली, आणि दोनदा बाबा त्यातून बाहेर गेले. दोन्ही वेळा ते खाणीच्या काठावर सापडले. दुसऱ्या वेळी शेजारच्या काकूंनी त्यांना पाहिलं, पाण्याकडे हात करून ते कोणाला तरी म्हणत होते, "चल आता. पुरे. चल घरी."

दादाला हे कळलं तेव्हा त्याने फोनवर सरळ सांगितलं. "तू करतेस त्याचं मला कौतुक आहे. पण तिसऱ्यांदा बाहेर गेले, तर मी गाडी घेऊन येतो. एका वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली आहे. मग माझ्यापुढे रडायचं नाही."

ताई रडणारी नव्हतीच. पण नव्या खोलीत, नव्या पलंगावर बाबा किती टिकतील हे तिला चांगलं ठाऊक होतं. खाणीच्या पाण्यात ते एकदम जाणार, आणि तिकडे हळूहळू. म्हणून कुंपणवाला.

तो आता खांबाशी उकिडवा बसून बोटाने तार टोकरत होता.

"हे कोणी घातलं?"

"बाबांनी. का?"

"काम चिवट आहे. पण तार उलट्या अंगाने आहे."

"म्हणजे?"

"तार नेहमी जोराच्या बाजूला मारायची. जनावर बाहेरून अंग घासणार, तर तार खांबाच्या बाहेरून. मग सगळा जोर खांबावर जातो. इथे तार आतून मारली आहे. बाहेरून कोणी रेललं, की जोर सगळा या यू-खिळ्यांवर. ते उपटायला काय वेळ?"

"म्हणजे बाई," मेहुणा पहारीवर हनुवटी टेकून म्हणाला, "हे कुंपण तुम्हाला आत ठेवायला घातलंय. तुम्ही काही पळणाऱ्या दिसत नाही."

"तू खड्डा खण," कुंपणवाला म्हणाला.

ताईला हसू आलं. उलट शिवलेल्या सदऱ्यासारखं तिचं अख्खं लहानपण या कुंपणाच्या आत गेलं होतं, आणि शिलाई वरच्या बाजूला आली आहे हे शिवण करणाऱ्या बाईच्या लक्षात आलं नव्हतं.

"तर मग सांगा, अडवायचं कोणाला?" कुंपणवाल्याने विचारलं. "त्याप्रमाणे तार मारतो."

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकू त्यांच्या बाजूच्या भिंतीवर कोपर टेकून उभ्या राहिल्या. "काय, कुंपण वाटतं?"

ताईचा चेहरा गरम झाला. बापाला कोंडायला कुंपण घालते, असं काकूंच्या समोर तिच्या तोंडून निघेना. काकू दुष्ट नव्हत्या. पण त्यांना सांगितलं की गल्लीभर होतंच.

"गुरं येतात हो मागून," ताई म्हणाली. "कपडे ओढतात."

"येतात खरी," काकू म्हणाल्या. त्या बाजूला त्यांनी आयुष्यात गाय पाहिली नव्हती.

"मग बाहेरून," कुंपणवाला म्हणाला.

दुपारभर ठोकाठोक चालली. बाबा मागच्या पायरीवर बसून होते. जुनी तार सुटून वेटोळं होऊन पडली, तसे ते उठले, कुंपणवाल्याजवळ गेले आणि त्याच्या दंडाला हात लावून अगदी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं नम्रपणे म्हणाले, "आतून मारा. आतून."

"आजोबा, तुमच्या लेकीने सांगितलंय. गुरं येतात."

"गुरं नाहीत," बाबा म्हणाले.

ताईने त्यांना धरून आत आणलं. कुंपणवाला गेला. कुंपण सुबक झालं होतं. तारेवर बोट मारलं तर तंबोऱ्यासारखी वाजत होती.

दिवे लागायच्या वेळेला बाबा फेरीला निघाले. ताई खिडकीतून बघत होती. ते प्रत्येक खांबापाशी थांबायचे, हात लावायचे आणि गोंधळायचे. खिळे पलीकडे होते. तारांमधून बोटं घालून त्यांनी एकदोन खिळे चाचपले, मग सोडून दिलं. आत आले आणि पलंगावर बसले.

"आता ती जाणार," ते म्हणाले.

"कोण, बाबा?"

"तुझी आई. या वेळेला निघते ना." भाजी आणायची आहे असं म्हणावं, तितक्या सहज ते म्हणाले. "कपडे राहिलेत म्हणते."

ताईने त्यांच्या पायांवर चादर घातली. या घरात असली वाक्यं आता रोजचीच होती.

दोन दिवसांनी सकाळी ती दोरीवर कपडे घालायला गेली, तेव्हा मधल्या दोन खांबांमधली तार बाहेरच्या बाजूला झोळीसारखी फुगली होती. पलीकडच्या गवतात एक यू-खिळा पडला होता. बाबा, तिच्या मनात आलं. तिने खिळा परत ठोकला आणि बाबांच्या धोतराच्या काठाला एक छोटी घंटी शिवून टाकली. हलले की वाजेल. दिसायला बरं नव्हतं, पण दादाच्या गाडीपेक्षा बरं.

त्या संध्याकाळी ती मशीनवर होती. बाबा समोरच पलंगावर, तोंड किंचित उघडं टाकून झोपले होते. घंटी गप्प. उजेड उतरत चालला होता, पण अजून खांब दिसत होते.

टक्.

तिने मशीनवरचा पाय थांबवला.

टक्. मग तार ताणली जाताना होतो तसा बारीक, लांबट आवाज.

ती खिडकीशी गेली. अंगणात कोणी नव्हतं. दोरीवरचे गणवेश लोंबकळत होते. मधल्या दोन खांबांमधली तार मात्र सावकाश बाहेर जात होती. सुटत नव्हती, तर जात होती, जसं कोणी पोट टेकवून वाकावं आणि पलीकडचं काहीतरी उचलायला हात लांब करावा. मग ती तशीच राहिली. थरथरत राहिली. ताईच्या कमरेच्या उंचीला.

ताईने वळून बाबांकडे पाहिलं. ते झोपलेच होते.

तिने खिडकी लावली आणि उरलेलं काम दिवा मोठा करून पुरं केलं. बाह्या तशाच ठेवून चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बोलावणं गेलं तसा कुंपणवाला आला. वाकून एकेक खिळा बघत गेला. मेहुण्यानेही चेष्टा केली नाही.

"हे गुरांचं काम नाही," कुंपणवाला शेवटी म्हणाला. "जोर आतून आहे. खरं सांगा, ताई, कोणाला अडवायचं होतं?"

काकू आज भिंतीवर नव्हत्या. ताईने सांगितलं.

"मग तेव्हाच सांगायचं ना. त्यात लाजायचं काय? माझ्या आईला आम्ही शेवटी दाराला अडसर घालून ठेवली होती." त्याने पायरीवर बसलेल्या बाबांकडे पाहिलं, बाबांचं मनगट त्याच्या हातोडीच्या दांड्याएवढंही नव्हतं. "पण यांनी? हा माझा मेहुणा लोंबकळला तरी तार इतकी यायची नाही."

"मला कशाला मध्ये घेतोस," मेहुणा पुटपुटला.

"नवे खिळे लागतील. उद्या येऊन तार आतल्या बाजूला घेतो. आज दोरीने आवळून ठेवतो. एक रात्र निघेल."

ती निघाली नाही. अजून दिवे लागायचे होते, ताई बाबांना दूध देत होती, आणि मागून खिळे एकामागून एक सुटल्याचा आवाज आला, एखाद्या घट्ट झालेल्या पोलक्याची बटणं तुटावीत तसा. शेवटी दोरी तुटली. मग काहीच नाही.

बाबांनी दुधाची वाटी खाली ठेवली.

"गेली," ते म्हणाले, आणि उठले. घंटी वाजली. "मी आणतो. अंधार पडायच्या आत आणावी लागते. मी हाक मारली की येते."

"बाबा, बसा."

"चिमे, सोड." किती वर्षांत त्यांनी तिला या नावाने हाक मारली नव्हती. "मी रोज आतून अडवली. तू बाहेरून मारलीस. तुझी चूक नाही, तुला काय माहीत... पण आता मला जाऊ दे. लांब जाईल ती."

तिने मागच्या दाराचा वरचा बोल्ट लावला, खालचा लावला, आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. दाराच्या पलीकडे उघडं कुंपण होतं आणि त्यापलीकडे खाण. तिला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. बाबा तिच्याशी झगडले नाहीत. दारावर तळहात टेकवून थोडा वेळ उभे राहिले, घंटी बारीक वाजत राहिली, आणि मग हाक मारायची वेळ गेली हे कळल्यासारखे जाऊन पडले.

ताई मशीनवर बसली. शेवटच्या सदऱ्याची बटणं हाताने लावायची होती. तिने सुईसाठी हात पुढे केला, आणि तेव्हा एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. मशीनवरच्या छोट्या कापडी उशीत सुया टोचलेल्या असत, आणि संध्याकाळी त्यातली एक नेहमी दोरा ओवून तयार असायची. ती शिवण शिकली तेव्हापासून. तिला वाटायचं, आपणच ओवून ठेवतो आणि विसरतो. डोळे अधू झाल्यापासून तर या विसरण्याची तिला मोठी सोय झाली होती.

आज सगळ्या सुया रिकाम्या होत्या.

सकाळी कुंपणवाल्याने सांगितल्याप्रमाणे काम केलं. तार आतून, नवे जाड खिळे. "आता हत्तीने आतून रेटलं तरी हलायचं नाही," मेहुणा म्हणाला. दिवसा त्याला धीर आला होता. बाबा पायरीवर बसून बघत होते. काम संपत आलं तसं त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"आता कशाला आतून," ते म्हणाले. "आता बाहेरून मारायची."

"आजोबा, त्या दिवशी आतून म्हणालात."

"त्या दिवशी ती आत होती," बाबा म्हणाले.

कुंपणवाल्याने हत्यारं गोळा केली. निघताना तो ताईला बाजूला घेऊन म्हणाला, "काही लागलं तर फोन करा. कधीही." मग जरा थांबून, "म्हणजे... उजेडात."

त्या संध्याकाळी बाबा फेरीला गेले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दारापर्यंतसुद्धा गेले नाहीत. पलंगावर नीट बसून होते, केसांवरून हात फिरवून. कोणी यायचं असलं की बसावं तसे. ताईने दार लवकर लावून घेतलं, आणि ते लावताना धुणं दोरीवरच राहिलंय हे तिला दिसलं. ती आणायला गेली नाही.

दिवे लागल्यावर पहिला खिळा सुटला. या वेळी आवाज जवळचा होता. गवतात नाही, अंगणातल्या फरशीवर पडल्याचा. मग दुसरा. घाई नव्हती. एकेक टाका उसवावा तसे ते सुटत होते. मग ओल्या फडक्याचा वास आला. वारा पडलेला असताना. मग दोरीचे चिमटे उघडत असल्याचा बारीक, ओळखीचा आवाज... एक... आणखी एक... आणि पायरीवर काहीतरी हलक्या हाताने ठेवल्याचा.

बाबा दाराकडे बघून हसले. ताईने त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

ती उजाडेपर्यंत खुर्चीत बसून होती. उन्हं अंगणात आल्यावर तिने बोल्ट काढले.

तार आतल्या बाजूला लोळत होती. पायरीवर धुण्याची चळत होती. बाबांचं धोतर, तिची साडी, टॉवेल, उशांचे अभ्रे, सगळं काठाला काठ लावून घडी केलेलं. सगळं कोरडं होतं. फक्त सगळ्यांत वरचा कपडा ओला होता, आणि त्याला हिरवट वास होता.

निळा, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा.

ताईने तो उचलून उलगडला. तो उलगडतच गेला. खालच्या कडेला दुमडीच्या जुन्या खुणा होत्या, एकीखाली एक, जिना असावा तशा. उसवलेल्या, सोडलेल्या, पुन्हा घातलेल्या. एवढं कापड त्या फ्रॉकच्या दुमडीत कधीच नव्हतं. छातीला चुण्या सोडलेल्या होत्या, खांदा वाढवला होता. तिने तो स्वतःच्या अंगाला लावून पाहिला. तिच्या खांद्याला खांदा लागला, आणि कड तिच्या गुडघ्यावर आली. जड.

आत फोन वाजत होता. तिने तो घेतला. कुंपणवाला होता.

"सहज विचारलं. कुंपण ठीक ना?"

"सुटलंय," ताई म्हणाली.

"पुन्हा आतून?"

"नाही. बाहेरून."

"मग आता तार कुठल्या बाजूने मारू, ताई?"

दादाचा फोन संध्याकाळी येणार होता; बाबा आता बाहेर जायचं नावही काढत नाहीत, असं त्याला सांगता आलं असतं, आणि ते खरंच होतं. बाबा पलंगावरून तिच्या हातातल्या कपड्याकडे बघत होते, ओळखीच्या माणसाने केलेलं काम पाहावं तसे.

"घालून बघ," ते म्हणाले. "ती विचारेल."

ताईने फ्रॉक उजेडात धरला. टाके बारीक आणि सरळ होते. तिला स्वतःला इतके बारीक जमत नसत. एक बाही पक्की शिवलेली होती. दुसरी नुसती कच्च्या टाक्यांनी टाचलेली होती, आणि तिच्यात ओवलेली सुई अजून तशीच टोचून ठेवली होती. कोणीही शिवणारी बाई हेच करेल. अंगावर घालून पाहिल्याशिवाय दुसरी बाही बसवत नाहीत.